वन्सं, तीस तास होते आपल्याकडे

वन्सं, काल तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही.

पालघरला प्रसूतिगृहाच्या वरच्या हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. गणवेशातला, टोपीसकट, ओठ घट्ट मिटलेले. एकामागून एक माणसं उठली. कोणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कोणी मायेबद्दल. एका पुढाऱ्याने तुम्हाला अख्ख्या तालुक्याची आई करून टाकलं. तुम्ही असता तर नाकातून हसला असतात. शेवटी सभा चालवणाऱ्या मुलीने माझं नाव पुकारलं, "सिस्टरांच्या भावजय, ज्यांनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली." मी बसल्या जागेवरून हातानेच नको म्हटलं. शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, मला रडू आवरत नाही. मला राग आवरत नव्हता.

मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, चारचौघांत नाही बोलले. पण तुमच्याशी बोलायला मला कोण अडवणार? तुम्ही हयात असतानाही आपण गोडीगुलाबीने कधी बोललो होतो?

मी लग्न होऊन एडवणला आले तेव्हा तुम्ही दारात मला ओवाळलंत आणि दुसऱ्याच दिवशी विचारलंत, "शैला, शिरेला सुई टोचता येते का नुसतीच मुंबईची पदवी?" एका घरात दोन नर्सा. तुम्ही पालघरच्या प्रसूतिगृहात इन्चार्ज, मी बोईसरला कारखान्याच्या दवाखान्यात. तुम्ही बायकांची बाळंतपणं करायचात, मी मशीनमध्ये सापडलेली बोटं बांधायचे. वडील लवकर गेले, धाकट्या भावाला तुम्ही वाढवलंत, पानवेलीची वाडी राखलीत, स्वतःचं लग्न केलं नाहीत. हे सगळं मला पहिल्या महिन्याभरात पाचजणांनी पाच वेळा ऐकवलं. म्हणजे तुमच्यापुढे मान खाली घालून राहायचं, हे मला समजावं म्हणून.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आपण ओटीवर बसायचो. तेवढा एक वेळ आपला चांगला जायचा. तुम्ही तुमच्या केसेस सांगायचात, मी माझ्या. अशाच एका रविवारी मी तुम्हाला ते औषध सांगितलं. मी मुंबईत शिकत होते तेव्हा आमच्या एक मॅडम, वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर, दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला डेक्सामेथासोनच्या सुया द्यायच्या. दम्याला, अंगावर पित्त उठलं तर देतात तेच औषध. दोन दिवसांत चार सुया, आईला. मॅडम आम्हाला फळ्यावर काढून दाखवायच्या, की पोटातल्या बाळाची फुप्फुसं शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आतून साबणासारखा एक थर धरतात. तो थर नसला तर श्वास सोडताना फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटतात, आणि पुढच्या श्वासाला बाळाला ते पुन्हा नव्याने उघडावे लागतात. शे-दोनशे श्वास घेतं, हजार घेतं, मग दमतं. ही सुई आईला दिली की बाळाची फुप्फुसं घाई करतात. मात्र जन्माआधी एक दिवस तरी हाताशी पाहिजे. परदेशात हे आधी मेंढ्यांवर करून बघितलं होतं, तेही मी सांगितलं. तेच चुकलं.

"मेंढ्यांवर?" तुम्ही म्हणालात. "आमच्याकडं बायका बाळंत होतात बाय, मेंढ्या नाय."

मग ते "मेंढीचं औषध" झालं. आल्यागेल्याला तुम्ही तो विनोद सांगितलात. मीही हसले. नवीन सून होते.

दोन वर्षांनी मला सातवा महिना लागला होता आणि शनिवारी सकाळी चूल पेटवताना माझं पाणी गेलं. शेजारच्यांच्या जीपमधून ह्यांनी मला पालघरला आणलं. आठ वाजले होते. तुम्ही ड्यूटीवर होतात. तुमचा चेहरा मी पाहिला, क्षणभर तुम्ही आत्या होतात, मग पुन्हा सिस्टर झालात. डॉक्टर आले, तपासलं, कळा थांबवायचं सलाईन लावलं, म्हणाले, "जितकं लांबेल तितकं चांगलं," आणि बाहेरचे पेशंट बघायला गेले.

मी तुमचा हात धरला. "वन्सं, ते डेक्सा. डॉक्टरांना विचारा. कपाटात असणारच."

"तू पडून राहा."

"तुम्ही विचारा हो. मी पाया पडते."

तुम्ही गेलात. दहा मिनिटांनी आलात. सलाईनचे थेंब मोजत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "विचारलं. नाय म्हणाले."

मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी डॉक्टर स्वतः पलंगाशी आले, नाडी बघितली, तेव्हाही मी गप्प राहिले. त्यांनी एकदा नाही म्हटलंय, आता मी तोंड उघडलं तर तुमचा अपमान होईल, असं मला वाटलं. वन्सं, माझ्या पोटात मूल होतं आणि मी तुमचा मान सांभाळत होते!

रविवारी दुपारी दोन वाजता ती झाली. तीस तास. मॅडमना एक दिवस पुरे होता, आपल्याकडे तीस तास होते.

ती रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. मग कण्हायला लागली. प्रत्येक श्वासाला एक कण्हणं, आणि बरगड्यांच्या खाली इतका खड्डा पडायचा की पाठीला टेकेल. हे काय आहे ते त्या खोलीत आपल्या दोघींनाच फळ्यावरच्या चित्रासारखं स्पष्ट कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं. तुम्ही तिला कापसात गुंडाळलंत, नळी लावलीत, जीप काढायला सांगितलीत. "मुंबईला नेते," म्हणालात. तुमची ड्यूटी कधीच संपली होती. आदल्या सकाळपासून तुम्ही घोटभर चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे मला नंतर आयाने सांगितलं. गणवेशाची वरची बटणं काढून तुम्ही तिला छातीशी धरलंत, वर पदर घेतलात, आणि तुमचा भाऊ सिलिंडर धरून तुमच्यामागे धावला. मनोर गेलं, हायवे लागला, आणि खाडीचा पूल यायच्या आत ती गेली. दिवस मावळायच्या आधी तुम्ही परत आलात. माझ्या खोलीत तुम्ही आला नाहीत, ह्यांना पाठवलंत.

ही एक गोष्ट मी तुम्हाला माफ करून टाकली होती. मीही आले नसते.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. आठव्यात पाऊल पडतंय तोच बोईसरला दवाखान्यात कळा सुरू झाल्या. ह्या वेळी मी कोणाला मध्ये घातलं नाही. आमचे कारखान्याचे डॉक्टर समोर होते, त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, "मैंने कभी दिया नहीं है, सिस्टर." मी म्हटलं, "मी घ्यायला तयार आहे, लिहून देते." पहिली सुई त्यांनी तिथेच दिली, कारखान्याच्या गाडीतून मला मुंबईला पाठवलं, बाकीच्या तिथे झाल्या. तिसऱ्या दिवशी मुलगा झाला. रडला तो असा, की वॉर्डातल्या बाया हसल्या.

तुम्हाला मी सांगितलं नाही. ह्यांनाही तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मला नाकारता येत नाही. तुम्ही महिन्याची रजा काढलीत. मुठीएवढा तो जीव, ओढून प्यायची ताकद नव्हती त्याच्यात. तुम्ही दर दोन तासांनी बोंडल्याने माझं दूध थेंबथेंब घातलंत, अंगाशी बांधून घरभर हिंडलात, मला झोपायला लावलंत. मी शिकलेली नर्स, पण त्याला उचलून घ्यायचा मला धीर झाला नाही. तुम्हाला झाला. माझा मुलगा त्या महिन्यात जगला तो तुमच्यामुळे. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते. पण तुम्हीही ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंत, "माझ्या हातांनी जगवला, कसली सुई नाय की औषध नाय," की दर वेळी माझ्या जिभेवर खरं यायचं आणि मी गिळायचे. का गिळायचे? एकदा तुमच्याकडे मागितलं होतं आणि नकार मिळाला होता. आता माझ्याकडे जे होतं त्यातलं काही तुम्हाला द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगू, तुम्ही चुकीचं बोलताय आणि ते फक्त मला माहीत आहे, ह्यात मला एक घाणेरडं सुख होतं.

मुलगा तिसरीत असताना तुमचे डॉक्टर निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला मीही होते. डॉक्टर मोकळे झाले होते, सगळ्यांशी हसत होते. मी म्हटलं, "साहेब, मला मात्र एका सुईला नाही म्हणाला होतात." त्यांना काही आठवेना. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला कोणी विचारलंच नव्हतं, शैलाताई. विचारलं असतं तर दिली असती असं नाही सांगत. तेव्हा माझाही विश्वास नव्हता. पण विचारलं नव्हतं कोणी. तुमची केस आहे, मी विसरेन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वाडीत मांडवाखाली पानं जुळवत बसला होतात. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं."

तुम्ही पान खाली ठेवलं नाहीत. "नाय."

एवढं सरळ! मी आठ-दहा तरी सबबी ऐकायची तयारी करून आले होते.

"का?"

"तुझं पाणी गेलं होतं. आदल्या पावसाळ्यात नवापूरची एक बाई अशीच आली होती, पाणी जाऊन दोन दिस झालेली. ताप चढला. पोर गेलं नि मागून तीबी गेली. माझ्या हातात. त्या औषधानं अंगात विष पसरतं, ताप दिसत नाय, असं मी ऐकलं होतं. मला तू पाहिजे होतीस. माझ्या भावाला बायको पाहिजे होती."

"मग तसं सांगायचं! मी नर्स होते. मी ठरवलं असतं."

"तू काय ठरवणार होतीस? तू आई होतीस."

"म्हणून खोटं बोललात?"

"तू गप पडून राहावीस म्हणून बोलले."

तेव्हा मी ते बाहेर काढलं. आठ वर्षं जपून ठेवलेलं. म्हटलं, "तुम्ही हातांनी जगवलंत ना पोर? तुमच्या त्या मेंढीच्या औषधावर जगलाय तो. चार सुया घेतल्या मी. चार!"

तुमचे हात थांबले. मला वाटलं, जिंकले. तुम्ही वर बघितलंत आणि तुमचा चेहरा पांढरा पडला होता, पण अपमानाने नाही, हे मला लगेच कळलं.

"आठ वर्षं," तुम्ही म्हणालात. "आठ वर्षं तू ह्या घरात जेवलीस माझ्याशेजारी. त्या आठ वर्षांत माझ्या टेबलावर अशी किती पोरं कण्हत गेली, तुला ठाऊक हाय? मी बघितलं असतं ना ह्या पोराकडं नि कळलं असतं, तर मी डॉक्टरांच्या उरावर बसून द्यायला लावली असती. तू मला सांगितलं नायस. मी एक खोटं बोलले, एकीपायी. तू किती जणींपायी गप बसलीस?"

मी त्या वेळी म्हटलं, "विषय बदलू नका," आणि घरात निघून आले. तुमचं बरोबर होतं की नाही ह्यावर मी पाच वर्षं भांडतेय, आंघोळ करताना, बसमध्ये, दवाखान्यात पट्टी बांधताना. कधी वाटतं, एका भावजयीच्या एका मुलावरून तुम्ही काय ठरवणार होतात? तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? मग वाटतं, स्वभावच तर माहीत होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तुम्ही कधी नाकारलं नाहीत.

त्या भांडणानंतर महिन्याभरात तुम्ही प्रसूतिगृहात आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंना गाठलंत. तुम्ही मला शब्दाने सांगितलं नाहीत. तिथली एक मुलगी आमच्या दवाखान्यात नोकरीला आली, तिच्याकडून मला कळलं. टेबलाच्या वर तुम्ही स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता, कोणाला द्यायचं, किती तासांनी, ताप असेल तर आधी डॉक्टरांना बोलवायचं. नवीन पोरींकडून पाठ करून घ्यायचात. "सिस्टर म्हणतात, कळा थांबवायच्या त्या ह्या सुईला वेळ मिळावा म्हणून," ती मुलगी मला शिकवत होती. मला! माझ्या मॅडमचं वाक्य, एडवणच्या ओटीवर मी तुम्हाला सांगितलेलं. माझं नाव कुठेच नव्हतं. नकोच होतं. पण त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही माझ्या ताटात भाजी वाढलीत, तेव्हा तरी एक वाक्य टाकायचं होतं.

पोटाच्या आजाराने तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा मी रजा घेतली. लोक म्हणतात सेवा. मी वाट बघत होते. तुम्हाला पुसायचे, कूस बदलायचे, पेज भरवायचे आणि दर वेळी तुमच्या तोंडाकडे बघायचे की आता म्हणाल. एका दुपारी मी तुमचे केस विंचरत होते. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "शैला, ती जगली असती का गं?"

खोटं बोलायची माझी पाळी होती. मला दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं. जगली असती म्हटलं असतं तर तुम्ही तळमळला असतात, नसती म्हटलं असतं तर शांत झाला असतात. मी म्हटलं, "माहीत नाही."

"मला पण नाय," तुम्ही म्हणालात.

बस्स. त्यानंतर आठ दिवसांत गेलात. चुकलं म्हणाला नाहीत. मीही म्हटलं नाही.

कालच्या सभेत एक मुलगी आली होती, वीस-बावीसची, बोईसरच्या कुठल्या तरी चाळीतली, कडेवर चार वर्षांची पोर. भाषणं संपल्यावर माझ्याकडे आली. "आप सिस्टरजी के घर से हैं? ये सात महीने में हुई थी. सिस्टरजी बोली थीं, दो दिन हिलना मत, मैं सुई देती हूँ, तू पकड़ के रख." पोर माझ्या मंगळसूत्राशी खेळायला लागली. लोकांसमोर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मनात आलं ते तुम्हाला सांगते. मनात आलं, हिला दिलीत. मला नाही दिलीत.

घरी आल्यावर ह्यांनी चप्पल काढली आणि ओटीवर बसून राहिले. मी पाणी आणलं तर म्हणाले, "शैला, एक सांगायचं राहिलंय. ताईने शपथ नव्हती घातली, पण मीच नाही सांगितलं. तुला आणखी लागेल म्हणून." मग सांगितलं. त्या दिवशी जीपमध्ये, हायवेवर, तिचे श्वास लांब लांब पडायला लागले होते. तुम्ही पदर बाजूला केलात, तिच्या कानाशी तोंड नेलंत आणि 'कुर्र' केलंत. बारशाला आत्या करते तसं. मग हळूच काहीतरी म्हणालात. ह्यांनी विचारलं, "काय म्हणालीस?" तुम्ही म्हणालात, "काय नाय. तू पुढं बघ."

तुमच्या भावाने पुढे बघितलं. पुन्हा कधी विचारलं नाही. असला तो तुमचा भाऊ.

सोळा वर्षं मी माझ्या मुलीला 'ती' म्हणतेय वन्सं. मनातल्या मनात हाक मारायचीही सोय नव्हती. आणि इतकी वर्षं त्याच घरात, त्याच पंगतीला, तुम्हाला तिचं नाव माहीत होतं.

चूक कबूल करू नका. माझंही कबूल करून घेऊ नका. ते भांडण राहू दे तसंच. मला फक्त सांगा, काय नाव ठेवलंत?